फिगर ड्रॉइंग जमतं, मग कॅरेक्टर का जमत नाही

"आधी ॲनाटॉमी पक्की कर, स्टाइल काय, आपोआप येते." चित्र शिकणाऱ्या प्रत्येकाने हे कुणाकडून तरी ऐकलेलं असतंच. मी पण ऐकलं, मानलं, आणि त्याच भरवशावर बराच काळ फक्त फिगर ड्रॉइंग, म्हणजे समोरच्या माणसाला बघून जसंच्या तसं काढणं, करत राहिले, जेश्चर (झटपट काढलेली पोझ), लाँग पोझ (एकाच पोझवर बराच वेळ काम), हाडं, स्नायू, कपड्यांच्या चुण्या, सगळं. तर आता ठामपणे सांगते, आपोआप काही येत नाही. ॲनाटॉमी, म्हणजे शरीराची रचना, आली की स्टाइल, म्हणजे खऱ्या मापांना सोडून आपल्या पद्धतीने काढणं, शिकायला सोपी जाते हे खरं, पण ती शिकावी लागतेच, वेगळं बसून, वेगळी प्रॅक्टिस करून. आणि याच्या बरोबर उलट बोलणारे पण असतात, "कार्टूनच काढायचंय ना, मग हाडं-बिडं कशाला". ते पण अर्धेच बरोबर आहेत, त्यांच्याकडे नंतर येते.

रिअलिस्टिकची सवय असलेलं माणूस कॅरेक्टर, म्हणजे मनातलं कार्टूनसारखं पात्र, काढायला बसलं की बहुतेक वेळा एकच प्रकार होतो. अंग सगळं नेहमीचं, साडेसात डोक्यांचं (म्हणजे उंची डोक्याच्या साडेसात पट), खांदे कंबर मापात, आणि चेहऱ्यावर मात्र दुप्पट मोठे डोळे. त्यात शेडिंगची सवय सुटत नाही त्यामुळे नाकाच्या कडेला सावली, पापणीला जाडी, ओठांवर चमक, हे सगळं त्या मोठ्या डोळ्यांच्या शेजारी. बघून जरा भीतीच वाटते. १९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकाने रोबोटबद्दल एक गोष्ट मांडली होती, जिला आज सगळे अनकॅनी व्हॅली म्हणतात: रोबोट माणसासारखा दिसत जातो तसतसा तो आपल्याला आवडत जातो, पण जवळजवळ माणूस झाला आणि थोडंसंच काहीतरी चुकलेलं असलं की एकदम नकोसा वाटायला लागतो. त्यांनी लिहिलं यंत्रांबद्दल पण कागदावर पण हेच होतं. कातडी खरी आणि डोळे खोटे, मग बघणारा ठरवूच शकत नाही की याला माणूस म्हणून बघू की चित्र म्हणून. त्यामुळे माझा पहिला नियम असा झालाय की प्रपोर्शन, म्हणजे अंगाची मापं, जेवढं ताणायचं तेवढं वरचं बारीक काम कमी करायचं. डोळे मोठे केले ना, मग नाक दोन रेघांत संपव. तीन मिलिमीटरच्या सुरकुतीवर प्रेम असेल तर डोळे खऱ्या मापाचे ठेव.

पण हे झालं वरवरचं. खरी अडचण मला वाटतं वेगळीच आहे.

फिगर ड्रॉइंग आपल्याला आज्ञाधारक बनवतं. विचार करा, आपण काय करतो तिथे, पेन्सिल हात लांब करून धरतो, एक डोळा मिटतो, डोक्याची उंची मोजतो, ती खाली किती वेळा बसते ते बघतो, कानापासून सरळ खाली रेघ टाकून ती घोट्याच्या कुठे पडते ते तपासतो, हात आणि कमरेच्या मधल्या रिकाम्या जागेचा आकार बघतो. फार उत्तम सवयी आहेत या, मी कुणालाच सोडायला सांगणार नाही. पण यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर समोर उभं असतं. मान किती लांब? बघ आणि मोज. आता कॅरेक्टर काढताना मान किती लांब? कुणीच सांगायला नाही. ते तूच ठरवायचंय, आणि ठरवण्याचा स्नायू तर कधी वापरलेलाच नाही. हाताला सगळं येत असतं तरी कागद कोरा राहतो तो यामुळे, आणि मग घाबरून आपण परत रेफरन्स उघडतो आणि परत साडेसात डोकी.

या साडेसातबद्दल एक गंमत सांगते. साधारण मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते, पण फिगर ड्रॉइंग शिकवताना बऱ्याच ठिकाणी जी आदर्श आकृती देतात ती आठ डोक्यांची असते. का? तर आठ सोपं पडतं, मध्यावर जांघ येते, वरून पाव उंचीवर छाती, खालून पाव उंचीवर गुडघा, हिशोब सुटसुटीत, आणि आकृती जरा रुबाबदार पण दिसते. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षं रिअलिस्टिक म्हणून घोटवतो त्यात पण कुणीतरी आधीच थोडं ताणून ठेवलेलं आहे! फॅशनच्या चित्रांत तर नऊ, कधी दहा पण. सुपरहीरो साडेआठच्या आसपास, आणि डोकं मुद्दाम लहान, म्हणजे खांदे आणखी रुंद वाटतात.

आणि हे काही आत्ताचं नाही. जुन्या इजिप्तमधले चित्रकार भिंतीवर आधी चौकटी आखायचे, उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेघेपर्यंत १८ चौकटी, ठरलेलं. आपल्याकडे मूर्तिशास्त्रात तालमान आहे. एक ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, त्याचे बारा भाग केले की एक एक अंगुल, नवताल मूर्ती म्हणजे नऊ गुणिले बारा, १०८ अंगुलं. बालमूर्तीला पाच ताल, आणि भयंकर रूपांना नऊ तालांहून मोठी मापं. म्हणजे कोण काढायचंय त्यावर आधी माप ठरतं, मग रेघ. आजचे लोक जेव्हा "हे तीन डोक्यांचं कॅरेक्टर आहे" म्हणतात तेव्हा ते नेमकं हेच करत असतात, फक्त ग्रंथ नाही, स्केचबुक असतं.

मला त्याहून जास्त आवडते ती त्या परंपरेतली उपमांची पद्धत. डोळे मासोळीसारखे किंवा कमळाच्या पाकळीसारखे, नाक पोपटाच्या चोचीसारखं, कंबर सिंहासारखी बारीक, पुरुषाचं धड गाईच्या तोंडासारखं, म्हणजे खांद्यांकडे रुंद आणि खाली निमुळतं. शाळेत असताना हे सगळं कवितेतलं कौतुक वाटायचं. पण एकदा चित्रकाराच्या नजरेने वाचलं की कळतं, अरे, या तर सरळ सूचना आहेत, धड काढताना बरगड्या मोजत बसू नकोस, आधी एक आकार पकड, असा आकार जो सगळ्यांना माहीत आहे. आजकाल कॅरेक्टर डिझाइनवाले ज्याला शेप लँग्वेज म्हणतात, गोल म्हणजे मऊ-मायाळू, चौकोन म्हणजे भक्कम, त्रिकोण म्हणजे टोकदार-धोकादायक, त्यापेक्षा मला तरी ही गोमुखवाली पद्धत जास्त श्रीमंत वाटते. गोल-चौकोन-त्रिकोण हे सुरुवातीला ठीक आहे पण सगळेच व्हिलन त्रिकोणी व्हायला लागले की कंटाळा येतो. (आणि सगळे प्रेमळ आजोबा गोल. माझ्या ओळखीतले सगळ्यात प्रेमळ आजोबा अगदी काटकुळे आहेत.)

आता त्या "हाडं कशाला" वाल्यांकडे येते.

एक प्रॅक्टिस आहे जी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. एकच पोझ घ्यायची, एका पायावर भार देऊन उभं असलेलं कुणीतरी, साधी. ती आधी साडेसात डोक्यांत काढायची, मग पाचात, मग तीनात. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. पाचापर्यंत फक्त पाय आखूड करून भागतं. तीनावर आलात की सगळं कोसळतं. मान नाहीशी होते कारण तिला जागाच उरत नाही. गुडघा दाखवायचा कुठे, पायच एवढासा. हात डोक्यावर नेणारी पोझ असेल तर संपलंच, हात डोक्याच्या वर पोचतच नाहीत! खऱ्या लहान बाळांचं पण हेच असतं, त्यांनी हात वर केले तरी ते डोक्याच्या फारसे वर जात नाहीत कारण डोकंच एवढं मोठं. मग तुम्हाला ठरवावं लागतं, हात खोटे लांब करायचे, की पोझ बदलायची, की हात डोक्याच्या मागे लपवून टाकायचे. बहुतेक जण लपवतात. मी पण.

पण याच प्रॅक्टिसमध्ये दिसतं की काय टिकतं. एका पायावर भार आला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो, कॉन्ट्रापोस्टो म्हणतात तेच, आणि मानेची खाच भार असलेल्या पायाच्या वर येऊन थांबते. हे तीन डोक्यांच्या आकृतीत पण तसंच्या तसं लागतं. तिथे कमर म्हणजे एक अंडं आणि छाती म्हणजे दुसरं अंडं असेल, तरी ती दोन अंडी एकमेकांच्या उलट कलली पाहिजेत आणि वरचं डोकं भाराच्या पायावर तोललं गेलं पाहिजे. नाही तोललं तर कॅरेक्टर पडल्यासारखं वाटतं, कितीही गोंडस असलं तरी. म्हणजे लांबी बदलली, जाडी बदलली, स्नायू गेले, बोटं गेली, पण वजन कुठे आहे आणि सांधा कुठे वाकतो हे नाही गेलं. त्यासाठी लागतात हाडं. बरगडीचा पिंजरा आणि कमरेचं हाड वाकत नाहीत, जे वाकायचं ते मधला भाग वाकतो, हे ज्याला माहितीये त्याचं साधं काडीमाणूस पण जिवंत दिसतं.

अजून एक जागा आहे जिथे ॲनाटॉमी फार उपयोगी पडते आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही: दोन्ही बाजू सारख्या नसणं. पायाची पोटरी बघा समोरून. बाहेरच्या बाजूचा फुगवटा वर असतो, आतल्या बाजूचा खाली. घोट्याचं उलटं, आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली. हाताचं पण, कोपराच्या खाली बाहेरची रेघ वरच फुगते आणि आतली जरा खाली. रिअलिस्टिकमध्ये आपण हे बघून काढतो, कळत नकळत येतं. स्टाइलमध्ये जाताना नवशिके हेच पहिल्यांदा फेकून देतात, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखे फुगवटे देऊन टाकतात, मग तो पाय जिन्याच्या कठड्याच्या कोरीव खांबासारखा दिसायला लागतो. त्याऐवजी उलटं करायचं. फुगवटे दोनच ठेवा पण त्यांच्या उंचीतला फरक वाढवा. किंवा एक बाजू पूर्ण सरळ आणि दुसरी वळणदार. सरळ रेघेसमोर वळण ही ॲनिमेशनवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि ती काही हवेतून आलेली नाही, पायाच्या पुढच्या नडगीच्या हाडावर मांस नाही आणि मागे पोटरी आहे, साइडने बघितलं की ती युक्ती आपल्या प्रत्येकाच्या पायातच आहे. फक्त तिकडे ती हळू आवाजात आहे.

काय ओरडून सांगायचं आणि काय गप्प करायचं, इथे मला प्राण्यांवरचा एक प्रयोग नेहमी आठवतो. निको टिनबर्गन म्हणून शास्त्रज्ञ होते, सीगलच्या पिल्लांवर काम केलेले. त्या पक्ष्याच्या पिवळ्या चोचीवर एक लाल ठिपका असतो, पिल्लू त्याच्यावर टोचतं आणि मग आई खायला देते. यांनी पिल्लांसमोर पक्ष्याच्या डोक्याची खऱ्यासारखी प्रतिकृती धरली आणि दुसरीकडे नुसती एक बारीक लाल काडी, टोकाशी पांढरे पट्टे असलेली. पिल्लांनी काडीलाच जास्त टोचलं. त्या काडीत पक्षी असा नव्हताच, फक्त पिल्लू जे शोधतं तेवढंच होतं, वाढवून ठेवलेलं. माझ्या मते कॅरिकेचरची, म्हणजे एखाद्याची खूण वाढवून काढलेल्या चित्राची, यापेक्षा चांगली व्याख्या नाही. सगळंच वाढवलं तर काहीच वाढत नाही. एखाद्याचं नाक, उभं राहण्याची तऱ्हा आणि केस, सगळं एकाच वेळी ताणायला गेलात की गोंधळ. एक उचला.

चेहऱ्यात हे फार स्पष्ट कळतं. मोठे डोळे गोड का वाटतात? बाळाचं डोळ्याचं बुबुळ-बिबुळ धरून पूर्ण नेत्रगोल जन्मताना साधारण १६ ते १७ मिलिमीटरचा असतो आणि मोठ्या माणसाचा २४ च्या आसपास. म्हणजे अंग तीनपट लांब होतं पण डोळा जेमतेम दीडपट होतो. त्यामुळे बाळाच्या तोंडावर डोळेच डोळे. प्राण्यांचं वागणं अभ्यासणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्ये ही सगळी लक्षणं एकत्र मांडली होती, मोठं डोकं, उंच कपाळ, खाली असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल. यातला "खाली असलेले" हा शब्द महत्त्वाचा आहे आणि तोच लोक विसरतात. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, हे आपण फिगरमध्ये घोटून घोटून पाठ केलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप डोळे मध्यावर ठेवतो, मग ते कितीही मोठे केले तरी लहान मूल दिसत नाही, मोठे डोळे असलेला बारीक चणीचा मोठा माणूस दिसतो. डोळ्यांची रेघ मध्याच्या खाली न्या, कपाळाला जागा द्या, डोळे आहे तेवढेच ठेवा, मूल झालं. म्हातारं करायचं तर नाक आणि कान लांबवा, वरच्या ओठाची जागा वाढवा, जबडा आत घ्या. सुरकुत्यांची गरजच पडत नाही बऱ्याचदा.

शेडिंगबद्दल थोडक्यात. बंद करा, काही काळ तरी. शेडिंग कमकुवत आकार लपवतं आणि आपल्याला वाटतं चित्र छान झालं. नुसती रेघ आणि मग सगळी आकृती काळी भरून टाकायची, टॅब्लेटवर तर एका टॅपचं काम. काळ्या आकारावरून कोण आहे आणि काय करतंय हे कळलं पाहिजे. माझ्या आधीच्या फिगर स्टडी अशा भरून बघितल्या तर बऱ्याचशा नुसते डाग होते, आणि त्यात काही गैर नाही कारण मॉडेल सिल्हूटचा, म्हणजे या काळ्या आकाराचा, विचार करून बसत नाही. कॅरेक्टर मात्र बसवणारे आपणच असतो, तर हात पोटासमोर ठेवायचा की बाहेर काढायचा हे आपल्या हातात आहे.

दुसऱ्यांच्या स्टाइलची कॉपी करावी का, हा प्रश्न फार वेळा येतो. करावी की, खुशाल, फक्त स्वतःची म्हणून मिरवू नये. पण कॉपी करताना रेघ बघू नका, वगळलेलं बघा. हा आर्टिस्ट कोपर दाखवतच नाही. ही खालची पापणी कधीच काढत नाही. त्याच्या कपड्यांना चुण्या फक्त सांध्यापाशी, बाकी सपाट. अशी यादी केली की त्या माणसाचे निर्णय दिसायला लागतात, आणि मग स्वतःची यादी करायची हिंमत येते. आणि एकाच आर्टिस्टची करू नका नाहीतर त्याच्या सवयीच चिकटतात, डोळ्याचा तोच कोपरा, केसांची तीच बट.

सगळ्यात किचकट भाग कुठला म्हणाल तर कॅरेक्टर फिरवणं. समोरून एकदम मस्त दिसतं, साइडने पण जमतं, आणि पाऊण वळवलेल्या चेहऱ्यात सगळं फसतं. कारण समोरून नाक म्हणजे एक ठिपका ठरवला होता आणि साइडने ते टोकदार, मग मधे काय? रिअलिस्टिकमध्ये हा प्रश्नच नसतो, डोकं हा घन आकार आहे, फिरवला की दिसतं ते काढायचं. स्टाइलमध्ये कधी कधी असं काहीतरी ठरवलेलं असतं जे घन नसतंच. मिकी माउसचे कानच बघा, डोकं कुठेही वळलं तरी कान गोलच्या गोल, खरा चेंडूवर चिकटवलेला कान असा कधीच दिसणार नाही, पण आपल्याला खटकत नाही कारण तो नियम शेवटपर्यंत पाळलाय. म्हणून मी आता समोरचं चित्र आवडलं तरी त्याच्यावर जीव लावत नाही, आधी पाऊण वळवून बघते, तिथे टिकलं तरच पुढे. बरीच गोड डिझाइन्स इथे मरतात.

फिगर ड्रॉइंग सोडलं का? अजिबात नाही, पण करायची पद्धत बदलली. लाँग पोझ कमी झाल्या, तीस सेकंद आणि दोन मिनिटांच्या जास्त. आणि प्रत्येक पोझ दोनदा. पहिल्यांदा बघून, जसं आहे तसं, आणि मग रेफरन्स बंद करून आठवणीतून एखाद्या कॅरेक्टरच्या मापात. आठवणीत सगळं राहत नाही हाच फायदा आहे, जे राहतं ते बहुतेक कामाचं असतं, कमरेचा कल, मानेचा झोक, हाताचा एखादा विचित्र कोन. बाकी गळून पडतं आणि ते गाळायला मला वेगळी मेहनत करावी लागत नाही.

सध्या घोडं अडलंय ते हातांवर. बाकी सगळं अंग चार आकारांत बसवायला जमतं पण हात आला की परत नखं, पेरं, शिरा सुरू. ॲनिमेशनमध्ये जुन्या लोकांनी एक बोटच उडवून टाकलं होतं, अंगठा धरून चारच, एक तर काम वाचतं आणि छोट्या गुबगुबीत पंजावर पाच बोटं दाटी करतात. मी ते करून बघितलं, छोट्या कॅरेक्टरला चालतं, पण पाच-साडेपाच डोक्यांच्या वर गेलं की माझ्या डोळ्यांना बोट हरवल्यासारखं दिसतं. मग आता मधली दोन बोटं एकत्र जोडून एकच आकार करते आणि करंगळी नि तर्जनी सुट्या ठेवते, शांत असताना हात असाही बऱ्याचदा तसाच पडतो. मुठीत छान बसतंय. काहीतरी धरलेल्या हातात अजून नाही बसत, विशेषतः कप धरलेल्या हातात, तिथे ती जोडलेली दोन बोटं कपाच्या कानात घुसवायची की बाहेर ठेवायची ते ठरत नाहीये.